चौदावा नियम

हॅलो? … हॅलो… हो, बेलापूर. शाळेचं ऑफिस. … हो, मीच मालनबाई, चित्रकलेची शिक्षिका. राहुरीचा ट्रंक कॉल ना? जोडा, मी धरून आहे.

हॅलो? … कोन, राही? … अगं जरा मोठ्यानं बोल, आडात तोंड घालून बोलल्यागत येतंय. … हां, आता आलं.

काय म्हनलीस? … तिळगूळ घ्या? झालं, आता तू पन सुरू हो. सकाळपासनं त्या शब्दाची शिसारी आलीय मला. … न्हाई, तुझ्यावर न्हाई गं. … तब्येत बरी हाय.

… तुला कुनी सांगितलं? … पेपरात? अगं संक्रांत काल झाली, आज कर. कालची भानगड आजच्या पेपरात, ती पन राहुरीच्या? … बरं बरं, कुनी का सांगितलं असंना.

हो, हो… अगं ऐक ना. आधी ऐक, मग शहानपन शिकव. न्हाई केली अजून सही. कागद हितंच हाय, टेबलावर. मुद्दाम वर दौत ठेवलीय. खिडकीतनं वारं येतंय, कागद उडाला तर म्हनतील बाईनं फाडला.

… कसला कागद म्हंजे? 'सही करून टाक' म्हनून फोन केलास आनि कागद कसला ते ठाऊक न्हाई तुला? … मग ऐक. पयल्यापासनं सांगते.

आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. तर चेअरमनच्या डोक्यात आलं, संक्रांतीला पतंगाची स्पर्धा घ्यायची. … आबासाहेबच, दुसरं कोन चेअरमन. मला म्हनले, बाई, तुमी चित्रकलेच्या, तुमी बघा कसं करायचं ते.

… न्हाई गं, काटाकाटीची न्हाई. काटाकाटीत दर साली कुनाची तरी बोटं कापतात, कुनाचं तरी डोकं फुटतं. मी म्हनले, कसरतीची घेऊ. मांजा न्हाई, साधा दोरा. एकानं एकच पतंग वर सोडायचा आनि त्याच्याकडनं पाच कामं करून घ्यायची. … पतंग कसलं काम करनार म्हंजे? करतो की. ओढ दिली की जिकडं नाक तिकडं जातो, ढील दिली की जाग्यावर गिरकी घेतो. कवा ओढायचं आनि कवा सोडायचं, सगळी विद्या तेवढीच.

पाच म्हंजे… मोज. सरळ चढाई, डावीउजवीकडं न हलता. मग गोता. नाक खाली करून सोडायचा आनि भुईपासनं पुरुषभर उंचीवर परत उचलायचा. टेकला की शून्य. मग इंग्रजी आठाचा आकडा. मग चौकोन, त्याचे कोपरे दिसले पायजेत. आनि शेवटी ठिय्या. पंचानं दहा मोजस्तोवर एका जागी उभा. … हसतीस काय? तेच सगळ्यात अवघड. वारं कुठं थांबतंय.

नियम मीच लिहिले, तेरा. सगळे पतंग एका हातचे, एका मापाचे, पाठीवर आकडा. चिठ्ठीला जो येईल तो घ्यायचा. आनि पंचांनी उडवनाऱ्याकडं पाठ करून बसायचं, मधे कनात. पंचाला मानूस दिसायचा न्हाई, नुसता पतंग दिसायचा. लई अभिमान हुता गं मला त्या नियमाचा. फळ्यावर काढून दाखवला हुता पोरींना.

… हो, हॅलो, चालू आहे आमचं. तीन मिनिटं झाली? … राही, ठेव गं, झाली तीन मिनिटं… काय? वाढवले? … बरं.

तर तिथंच शेन पडलं. चिठ्ठ्या उचलायच्या आदल्या दिवशी सहादेवराव घरी आले. … व्हय, तेच, संस्थेचे सेक्रेटरी, सोन्याच्या बटनांचे. म्हनले, बाई, सात नंबर आबासाहेबांच्या पुतन्याला जाईल, कानिफनाथला. तेवढं ध्यानात असू द्या. तलाठ्याला पन तेच सांगितलं, सूर्यभान कंपाउंडरला पन तेच. आमी तिघंच पंच. … मी काय म्हनले? काय म्हननार. चहा दिला.

आनि ऐक, ढाल आली हुती पुन्याहून. पितळंवर नाव कोरून. प्रथम क्रमांक, कानिफनाथ अमुक तमुक. पतंगाच्या कामट्या अजून तासायच्या हुत्या, आनि ढालीवर निकाल. बारशाआधी लग्नपत्रिका. ढालीसंगट शिलाई मशीन, पायाचं, नवं कोरं. … त्याला कशाला म्हंजे? त्याच्या बहिनीचं लग्न निघालंय. रुखवतात मांडायचं ठरलं हुतं, घरात सगळ्यांना ठाऊक.

आता पुढं ऐक. कानिफला सात मिळाला, चिठ्ठीला घडीच तशी घातलेली. पन गड्याला सुत्तर बांधता येईना. … अगं पतंगाला दोरा बांधायचं असतं ते. बांधता बांधता अंगठा गेला कागदातनं आरपार. मग शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या हातातला चार नंबर घेतला ओढून आनि फाटका सात दिला तिला कोंबून. … विचारतोय कसला. 'बदली कर' म्हनला, झालं.

बनुबाई. साळव्यांची. अडतीवर पोती शिवती ती. … कुनातली म्हंजे? बौद्धवाड्यात राहती. आता त्याचं काय हितं? पंचाला मानूसच दिसत न्हाई म्हनले ना. … माहेर येवल्याचं तिचं. तिथं बायका पन घराच्या धाब्यावर चढून पतंग उडवतात, दोऱ्याची आसारी धरायला धाकटा भाऊ. अर्ज मीच भरला तिचा. 'साळवे ब. का.' एवढंच लिहिलं, बाईमानूस म्हनून कुनी आडवं येऊ नये.

… भांडली न्हाई ती. कुनाशी भांडनार? खाली बसली, डब्यातल्या भाताचं शीत घेतलं, पदरच्या कागदाचा तुकडा फाडला, ठिगळ लावलं, फुंकर घालून वाळवलं. हे सगळं मला तिच्याकडनं कळलं, ते पन नंतर, खोदून खोदून विचारलं तवा. कनातीच्या अलीकडं आमाला काय ठाऊक. पाठ करून बसलो हुतो ना. माझाच नियम.

चार नंबर वर गेला. तलाठ्यानं पन्नासातले अकरा दिले, कंपाउंडरनं बारा. सात नंबरला जागा पायजे ना. … अगं तो कानिफच उडवत हुता की. … मी? मी पंधरा दिले. तेवढ्याचाच हुता तो. आनि सात आला, त्याला तिघांचे पन्नासला पन्नास.

निकाल मी वाचला. सात नंबर. आबासाहेब उठून उभे राहिले, सहादेवराव हार घेऊन कानिफकडं निघाले, आनि गर्दीतनं बनुबाई पुढं आली, हातात ठिगळाचा सात. … काय हुनार? सहादेवरावांचा हार हातातच राहिला. नगरहून बक्षीस द्यायला पावन्या बाई आल्या हुत्या, त्यांना आतलं काय ठाऊक? त्यांनी बनुबाईचा हात धरून मशीनवर ठेवला, नारळ दिला, फोटो काढून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ढालीवरचं फडकं मात्र कुनी काढलं न्हाई. झाकलेली आली तशी झाकलेलीच परत गेली.

… अगं मलाबी तवा हसूच आलं. हसू आज सकाळी गेलं. सहादेवराव दारात. एका हातात तिळगुळाची पुडी, दुसऱ्या हातात हा कागद. वाचून दाखवू? 'नियम चौदावा. फाटलेला अगर ठिगळ लावलेला पतंग स्पर्धेतून बाद समजण्यात येईल.' खाली तारीख स्पर्धेच्या आदल्या दिवशीची. सही माझी पायजे, कारन नियम माझे. तिळगूळ घ्या, गोड बोला, सही करा, एका दमात तिन्ही. कागदावर गुळाचा डाग पडलाय आनि त्याच्यावर माशी बसलीय. मगाधरनं हाकलतेय, जात न्हाई.

… बैल गेला आनि झोपा केला असं असतं तर निदान वेडेपन म्हनले असते. हितं बैल चोरनाराच झोपा बांधतोय. पतंग फाडला कुनी? त्यानं. बाद कोन? ती. … हो, हो, मशीन तिच्याच घरी हाय अजून. सही झाली की आनायला मानसं जानार.

… हो? सहा मिनिटं? … हो, हो, बोलतोय. … परत वाढवलेस?

राही, एक सांग. तू पोस्टकार्डावर कडंकडंनं लिहितीस, पत्त्याला जागा ठेवत न्हाईस. आनि आज ट्रंक कॉलवर 'वाढवा, वाढवा' म्हनतीस. फोन कुठनं करतीस? … संस्थेच्या ऑफिसातनं? … शेजारी कोन हाय? … कुनी न्हाई म्हनायला एवढा वेळ लागतो व्हय? … सकाळी बेलापूर, दुपारी राहुरी. जीप दिलीय ना संस्थेनं. दे, दे त्यांच्याकडं फोन. दे म्हनते ना.

नमस्कार, सहादेवराव. … हो, विचार केला. … नाही, माझा काही गैरसमज नाही. … बरोबर आहे तुमचं, ठिगळानं पतंगाचा तोल जातो. मग तोल गेलेल्या पतंगानं ज्यानं चौकोन काढला, त्याला मार्क जास्त द्यायचे की कमी? … शिस्त. बरं. … रंभाजीरावांचा यात काय संबंध? ते माझ्या बहिणीचे यजमान आहेत, पतंगाचे नव्हेत. … त्यांना कायम करायची फाइल आबासाहेबांच्या टेबलावर आहे, हे तुम्ही मला माझ्या घरी चहा पिताना पण सांगितलं होतं. ह्याच शब्दांत. … नाही, धमकी मी म्हणाले नाही. … आपुलकी म्हणा. … आता फोन राहीकडे द्या. आणि तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा. बहिणीबहिणींचं बोलणं आहे.

राही? … गेला? … दार लोटून घे. … लोटलं? मग आता तुझं बोल. त्यांनी पढवलेलं नको.

…

व्हय. … रंभाजीराव सात वर्षं टेंपरवारी, ठाऊक हाय मला. … दर जूनला हात जोडायचे, ते पन ठाऊक हाय. … पोरींचं ठाऊक हाय. …

म्हंजे हे तुझंच म्हननं हाय. सही कर. … न्हाई, रागावले न्हाई. मला आपलं वाटलं, तो बसलाय म्हनून तू म्हनतीस. तो उठून गेला तरी तू तेच म्हनतीस. … रडू नको. राही, रडू नको गं.

… काय? … हे मात्र म्हनू नको. 'ताई, तू जन्मभर सरळ वागलीस, एकडाव माझ्यासाठी वाकडं वाग,' हे म्हनू नको. वागलेय मी. … परवा न्हाई, कालच. … तुलाच सांगते, दुसरं कुनाला सांगनार.

सात नंबर वर जायच्या आधीच मी मार्क लिहून ठेवले. दहा, दहा, दहा, दहा, दहा. शाईनं. कुनाचा पतंग ते ठाऊक हुतं ना. डोळ्यापुढं रंभाजीरावांची फाइल हुती. … व्हय गं, तुझ्यासाठीच. तलाठ्यानं भिऊन लिहिले, कंपाउंडरनं सवयीनं, मी बहिनीसाठी. घान तिघांनी सारखीच केली. पेनाला टोपन लावलं आनि मान खाली घालून बसले. वर बघवंना. तेरा नियम लिहिनारी बाई, स्वतःचीच किळस आली.

मग मागची मानसं गप झाली. एवढा गलका चाललेला, आनि एकदम गप. म्हनून बघितलं. … गोता चालला हुता. नाक खाली, दगडागत. मला वाटलं, गेला. शाळेच्या कौलाखाली आला, कुंपनाच्या तारेखाली आला, आनि तिथनं उचलला तिनं. कसा उचलला, मला सांगता यायचं न्हाई. मग आठ काढला, कुठं गाठ न्हाई. चौकोनाचे कोपरे म्हंजे मी फळ्यावर पट्टी लावून काढते तसे. आनि ठिय्या. दहा मी मोजायचे हुते. मोजायचं विसरले. वीस झाले असतील, तीस झाले असतील, पतंग हलंना. पोटावरचं ठिगळ दिसत हुतं उन्हात. मला वाटलं, कानिफला एवढं कधी आलं? लाज वाटली, पोराला उगीच नावं ठेवली म्हनून.

खाली बघितलं तर माझे दहा वाळले हुते कागदावर. राही, मी खोटे दहा दिले आनि ते खरे निघाले. असं कुनाच्या वाट्याला येत न्हाई. जन्मात एक मोठी लबाडी केली, ती देवानं धुऊन परत दिली मला. आनि तू म्हनतीस, ती परत शेनात टाक.

… ऐकतीस ना?

थांब. … न्हाई, ठेवत न्हाई, थांब जरा. दारात कुनीतरी… कोन, बनुबाई? या, आत या. चपला राहू द्या पायात, या. … डोक्यावर काय हे? … राही, मशीन घेऊन आलीय ती. वरचं मशीन, डोक्यावर. … एवढं चालत आलात? भर दुपारचं? … कुनी सांगितलं? … अडत्यानं? … उद्यापासनं पोत्याला हात लावायचा न्हाई म्हनला? … खालचा लोखंडी सांगाडा दुसऱ्या खेपंला आनते म्हनती, राही. आनि माझीच माफी मागती. माझ्यापायी तुमाला तरास झाला म्हनती.

… काय म्हनलीस? … बरं झालं? …

व्हय, ऐकलं. आपसूक परत देती हाय तर घेऊन टाक. सही करायला नको, रंभाजीराव पन कायम, तुझं इमान पन राहिलं, म्हनतीस. … खरं हाय तुझं, कुनाचंच काही जात न्हाई. … तुला खरं सांगू? घडीभर माझ्या पन मनात तेच आलं. सुटले बाई, असं वाटलं. आनि मग हिच्याकडं बघितलं, वझं अजून डोक्यावरच हाय.

बनुबाई, खाली ठेवू नका ते. … टेबलावर पन नको. … न्हाई, मी परत घेनार न्हाई. हा कागद बघा. ह्याच्यावर माझी सही पायजे, तरच मशीन परत जाईल. ती न्हाई, आनि हुनार न्हाई. पतंग त्यानं फाडला, उडवला तुमी. … तुमी कशावर अंगठा दिलाय का कुठं? … न्हाई ना? मग मशीन तुमचं. … पोत्याचं बघू पुढं. शाळेत तीनशे पोरी हायेत, झंपर कुनीतरी शिवतंच की त्यांचे. पयलं माझं शिवा.

राही… रंभाजीरावांना सांग, ताईमुळं झालं. तू पन माझ्या नावानं बोटं मोड, मी ऐकून घेईन. … माझी नोकरी ना? जाईल. ठाऊक हाय. … हो, हॅलो? नऊ मिनिटं? नको, वाढवू नका, झालंच आमचं.

… त्याला काय सांगू म्हंजे? सांग, न्हाई म्हनली. किंवा काही सांगू नको. जीप इकडंच येईल परत, बाजारात दिसंलच त्याला.

मान ताठलीय तुमची, बनुबाई. द्या हिकडं ते. … न्हाई, तुमी न्हाई आता, मी घेते. … काय हुतंय मला? ह्या माझ्या बहिनीला विचारा, विहिरीवरनं दोन-दोन हंडे आनलेत आमी. … लोक बघंनात का, बाजारपेठेतनंच जायचं. अडत्याच्या दारावरनं. आधी ती चुंबळ द्या. …

राही, ठेवते मी. … न्हाई गं, राग न्हाई. दोन्ही हात लागनार हायेत मला.